मेळघाट : शांत जंगलाची अशांत गोष्ट

वाघ दिसेल का, हा प्रश्न इथे येणारा प्रत्येकजण विचारतो. पण सातपुड्यातल्या या जंगलात दुसराही एक प्रश्न विचारायला हवा... इथली गावं कुठे गेली?

शुक्रवारची संध्याकाळ. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एकच चर्चा, वीकएण्डला कुठे? लोणावळ्याला गर्दी, महाबळेश्वरला ट्रॅफिक, अलिबाग तर तीनदा करून झालंय. मग कुणीतरी म्हणतं, 'चला, ताडोबा!' सगळे मोबाइलवर तुटून पडतात आणि सफारीचं बुकिंग फुल्ल पाहून पुन्हा चहाकडे वळतात.

अशा वेळी महाराष्ट्राच्या नकाशावर जरा वर, मध्य प्रदेशच्या सीमेला चिकटून असलेला हिरवा पट्टा कुणाला आठवतच नाही. त्याचं नाव मेळघाट. नावातच सगळं आलं. घाटांचा मेळ! एक डोंगर चढावा, उतरावा, की लगेच दुसरा समोर. सागाचं जंगल, खोल दऱ्या आणि तापीकडे धावणाऱ्या पाच नद्या : खंडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार. १९७३ मध्ये देशात 'प्रोजेक्ट टायगर' सुरू झाला, तेव्हा पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाटचा नंबर लागला. महाराष्ट्रातला हा पहिला व्याघ्र प्रकल्प. त्याच्या पोटात आहे गुगामल राष्ट्रीय उद्यान, साधारण ३६१ चौरस किलोमीटरचं. बफरसकट सगळा प्रकल्प मोजला तर आकडा पावणेतीन हजार चौरस किलोमीटरच्या आसपास जातो.

आता मुद्द्याचं. बहुतेक ट्रॅव्हल ब्रोशरमध्ये मेळघाटचं वर्णन 'निवांत', 'अस्पर्श', 'शहरापासून दूर' असं असतं. निवांत आहेच. पण अस्पर्श? मुळीच नाही. या जंगलावर दोनशे वर्षांहून जास्त काळ कुणी ना कुणी हक्क सांगतंय. तोफा घेऊन, कुऱ्हाडी घेऊन, कायद्याची कलमं घेऊन. आपल्याला जीपमध्ये बसून जी शांतता मिळते, ती त्या भांडणातून आलेली आहे. ते माहीत असलं की हीच ट्रिप वेगळी होते.

सुरुवात शिरपूरपासून

आमच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीचं आजोळ वाशिम जिल्ह्यातलं शिरपूर जैन. त्यामुळे पहिला मुक्काम तिथे, आजीच्या हातचं पिठलं-भाकरी आणि ठेचा खाऊन. मालेगाव तालुक्यातलं हे गाव जगभरच्या जैन मंडळींना माहीत आहे ते अंतरिक्ष पार्श्वनाथांमुळे. मूर्ती जमिनीपासून किंचित वर, अधांतरी आहे अशी श्रद्धा. म्हणून 'अंतरिक्ष'.

मंदिराची दुसरी गोष्ट कोर्टकचेरीची आहे. पूजेचा अधिकार कुणाचा, यावरून दिगंबर आणि श्वेतांबर पंथांत जुना वाद. १९८१ मध्ये मंदिराला कुलूप लागलं, ते तब्बल ४२ वर्षं राहिलं. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दार उघडलं. म्हणजे आमच्या वयाच्या गावातल्या पोरांनी आपल्याच गावचं मंदिर जन्मात पहिल्यांदा आतून पाहिलं!

जागा जितकी जिवाभावाची, तितकं तिचं भांडण लांबतं. शिरपूरहून निघताना हे डोक्यात होतं आणि पुढच्या तीन दिवसांत ते पुन्हा पुन्हा आठवत राहिलं.

रस्त्यात भेटतो इतिहास

शिरपूरहून मालेगाव, मेडशी, पातूर, अकोला. अकोल्याहून अकोटच्या रस्त्याला लागलात की पूर्णा नदी ओलांडायची. हा खारपाणपट्टा. जमीन काळी, कापूस झकास, पण विहिरीचं पाणी खारट. आणि मग उत्तरेकडे क्षितिजावर एक निळी रेघ दिसायला लागते. ती सातपुड्याची भिंत, गाविलगडचे डोंगर.

गाडीत गाणी वाजत असतात, एसी चालू असतो, आणि आपण एका रणांगणाच्या कडेनं जातोय हे कुणाच्या गावीही नसतं. अकोटच्या पश्चिमेला तेल्हारा तालुक्यात अडगाव आहे. इंग्रजांच्या कागदपत्रांतलं 'अरगाव'. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी इथे नागपूरकर भोसले आणि शिंद्यांच्या फौजा ऑर्थर वेलस्लीच्या सैन्याशी लढल्या आणि हरल्या. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला त्यानं नेपोलियनला हरवलं. वॉटर्लू सगळ्यांना पाठ, अडगाव कुणालाच नाही!

अकोटहून परतवाड्याकडे जाताना अंजनगाव सुर्जी लागतं. चहाला थांबायला मस्त जागा. याच गावाच्या नावानं ३० डिसेंबर १८०३ चा तह ओळखला जातो, शिंदे आणि कंपनी सरकार यांच्यातला. त्याआधी दोन आठवड्यांपूर्वी, १७ डिसेंबरला, भोसल्यांनी देवगावचा तह केला होता. दोन तहांनी उत्तर हिंदुस्थानापासून ओरिसापर्यंतचे मुलूख हातचे गेले. आणि हे सगळं ज्या एका किल्ल्यामुळे निर्णायक ठरलं, तो वर डोंगरात उभा आहे.

गाविलगड : तोफा ओढल्या कुणी?

परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याला पोचलात की हवाच बदलते. समुद्रसपाटीपासून साधारण ११०० मीटर उंची. विदर्भाच्या भट्टीतलं हे एसी हिल स्टेशन. कीचकाला मारून भीमानं त्याला इथल्या दरीत फेकलं, म्हणून 'कीचकदरा' आणि त्याचं चिखलदरा, अशी आख्यायिका. इथे चक्क कॉफी पिकते. पावसाळ्यात धुकं असं उतरतं की पुढच्या गाडीचे दिवेही दिसत नाहीत. देवी पॉइंट, पंचबोल पॉइंट, भीमकुंड... फोटोसाठी जागाच जागा.

पण एक सकाळ गाविलगडसाठी राखून ठेवा. पंधराव्या शतकात बहामनी सुलतान अहमदशाह वली यानं बांधलेला, पुढे वऱ्हाडच्या इमादशाहीनं सजवलेला हा किल्ला दक्षिणेकडून, म्हणजे मैदानाच्या बाजूनं, जवळपास अजिंक्य. खाली सरळ कडा. दरवाजांवरची शिल्पं आजही थांबून बघावीत अशी. जुनी मशीद आहे, तलाव आहेत, गवतात पडलेल्या तोफा आहेत.

अडगावची लढाई हरल्यावर भोसल्यांच्या फौजेनं इथे आसरा घेतला. किल्लेदार होता बेनीसिंग. वेलस्लीनं डोकं लढवलं. दक्षिणेकडून नुसता देखावा आणि खरा हल्ला उत्तरेकडून. त्यासाठी कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीला डोंगरातून वळसा घालून जायचं होतं. रस्ता नव्हताच. जंगल तोडत, वाट बनवत, अवजड तोफा माणसांनी दिवसेंदिवस ओढत नेल्या. पुढच्या वेळी ऑफिसमध्ये 'फार लोड आहे' म्हणताना हे आठवा! १५ डिसेंबर १८०३ च्या सकाळी तटाला पडलेल्या खिंडारातून सैन्य आत शिरलं. आतला कोट शिड्या लावून सर झाला. बेनीसिंग लढताना पडला आणि किल्ल्यात प्रेतांचा खच पडला.

१८५८ मध्ये, बंडाच्या धामधुमीत, तात्या टोपे इथे ठाण मांडतील या भीतीनं इंग्रजांनी किल्ल्याची तटबंदी निकामी केली. त्यानंतर गाविलगड जंगलाच्या ताब्यात गेला. आज तटावर उभं राहिलं की चहूकडे नुसती झाडी. कुठेही युद्धाची पाटी लागत नाही. पण या डोंगरातली ती शेवटची लढाई नव्हती. फक्त पुढच्या लढाया तोफांच्या नव्हत्या.

सागवान, वाघ आणि माणूस

१८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला आणि साहेबाची नजर इथल्या सागावर पडली. रेल्वेला, बांधकामाला लाकूड हवं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेळघाटची जंगलं राखीव झाली. राखीव म्हणजे काय? तर काल जिथे तुम्ही लाकूडफाटा आणत होता, मोह वेचत होता, जमीन कसत होता, तिथे आता सरकारची परवानगी लागणार.

'तुम्ही' म्हणजे कोण? मुख्यतः कोरकू. त्यांच्या भाषेत 'कोरकू' या शब्दाचा अर्थच 'माणसं'. ही भाषा मराठीच्या किंवा हिंदीच्या नात्यातली नाही. ती मुंडा कुळातली. तिची सख्खी भावंडं झारखंड-ओडिशात, संथाळी, मुंडारी वगैरे. त्या कुळातली सगळ्यात पश्चिमेकडची भाषा आपल्या महाराष्ट्रात बोलली जाते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? कोरकूत वाघाला म्हणतात 'कुला', आणि श्रद्धेनं 'कुला मामा'. ज्याला मामा म्हणायचं, त्याच्याच घरात शेजारी म्हणून राहायचं. सोबत गुरं राखणारे गवळीही आहेत. चिखलदऱ्याची घट्ट रबडी खाल्लीत, तर ती त्यांच्या गोठ्यातली समजा.

१९७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प आला, १९८५ मध्ये अभयारण्य, १९८७ मध्ये गुगामल राष्ट्रीय उद्यान. प्रत्येक पाटीबरोबर नियम वाढले. राष्ट्रीय उद्यान म्हणजे सगळ्यात कडक. चराई नाही, तोड नाही, वस्ती नाही. २००७ मध्ये साधारण १५०० चौरस किलोमीटरचा गाभा 'अतिसंरक्षित' ठरला आणि तिथल्या गावांना हलवण्याचा विषय ऐरणीवर आला.

वनविभागाची बाजूही ऐका. वाघाला राहायला निर्धास्त जागा लागते. वाघिणीला पिल्लं वाढवायची तर गुरं, कुत्री, ट्रॅक्टर, वणवे यांपासून दूर. शिवाय शिकारी. २०१३ मध्ये मेळघाटात वाघांच्या शिकारीची प्रकरणं उघडकीला आली, तेव्हा सगळा देश हादरला होता. त्यानंतर इथे वन्यजीव गुन्ह्यांसाठी खास सेल उभा राहिला. रात्री-बेरात्री पायी गस्त घालणारे वनरक्षक आणि वनमजूर बघितलेत, तर 'सरकारी नोकरी, आराम' हा आपला समज तिथल्या तिथे गळून पडतो.

वैराटचं माळरान

चिखलदऱ्याहून वैराटची सफारी घेतलीत, तर हे सगळं डोळ्यांसमोर येतं. वैराट हे मेळघाटातलं सगळ्यात उंच ठिकाण, ११७८ मीटर. महाभारतातल्या विराट राजाशी नाव जोडलं जातं. भल्या पहाटेची जीप, कानात शिरणारी थंडी, हातातला फ्लास्क. सांबराचा कळप रस्ता ओलांडतो. वळणावर रानगवा, एखादी काळी गाडी पार्क करावी तसा उभा. वाघाचे पंजे मातीत ताजे दिसतात आणि जीपमधले सगळे एकदम गप्प होतात. वाघ स्वतः? नाही दिसला. मेळघाट म्हणजे ताडोबा नव्हे. इथे २०२२ च्या गणनेत ५० च्या वर वाघ मोजले गेले, पण डोंगर आणि दाट झाडी इतकी, की दर्शन नशिबावर.

मग झाडी अचानक संपते आणि मोठं गवताळ माळरान लागतं. हरणांना चरायला एकदम सही! कॅमेरे बाहेर येतात. जीपमधल्या कुणाला सांगावं लागतं की हे माळरान आपोआप झालेलं नाही. इथे वैराट नावाचं गाव होतं. ते उठलं, त्याच्या शेतांचं आणि अंगणांचं कुरण झालं. कुरणावर तृणभक्षी आले, त्यांच्यामागे वाघ. व्यवस्थापनाच्या भाषेत ही यशोगाथा आहे, आणि ती खोटी नाही. पण ज्याचं घर तिथे होतं, त्याच्या भाषेत या जागेला काय म्हणत असतील?

बोरी, कोहा, कुंड ही पहिली गावं. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती बाहेर आली. मग वैराट, चुरणी, पस्तलई, आमोणा, नागरतास, बारूखेडा, धारगड, गुल्लरघाट, सोमठाणा, केलपाणी... यादी लांब आहे. यातली बरीच कुटुंबं खाली अकोट-तेल्हाऱ्याच्या सपाटीवर आली, आपण गाणी ऐकत ओलांडलेल्या त्याच पट्ट्यात.

दहा लाखांचं पॅकेज

२००८ च्या नियमांनुसार पुनर्वसनाचे दोन पर्याय होते. एक, कुटुंबामागे १० लाख रुपये रोख. दोन, जमीन, घर आणि सोयी वनविभागानं करून द्यायच्या. अठरा वर्षांवरचा मुलगा वेगळं कुटुंब धरला जायचा. २०२१ मध्ये रक्कम १५ लाख झाली. ऐकायला पॅकेज वाईट वाटत नाही, नाही का?

आता आपल्या भाषेत समजून घेऊ. जॉब बदलताना आपण फक्त हातात येणारा पगार बघतो का? एचआरए, मेडिक्लेम, कॅब, कॅन्टीन, पीएफ, सगळं मोजतो. जंगलात राहणाऱ्याच्या 'सॅलरी स्लिप'मध्येही असे कॉलम असतात. सरपण फुकट. मोहाची फुलं, तेंदूपत्ता, चारोळी, पावसाळ्यातल्या रानभाज्या, मासे, गुरांना चारा, घराला लाकूड-बांबू. हे सगळं एका दिवसात शून्यावर येतं, आणि त्याच्या बदल्यात बँकेत एक आकडा जमा होतो. आयुष्यात कधी न पाहिलेला. सपाटीवर शेतजमिनीचा भाव काय, गॅस सिलिंडर केवढ्याला, डॉक्टरची फी किती, हे कळेपर्यंत तो आकडा वितळायला लागतो.

तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बाहेर यायला अनेकजण राजी होते. पावसाळ्यात नदीला पूर आला की आजारी मूल घेऊन जायचं कुठे? शाळा नाही, वीज नाही, पक्का रस्ता नाही. तरुण पोरांना मोबाइलची रेंज हवी असते, तुमच्या-आमच्यासारखीच. 'आदिवासींना जंगलातच सुखी राहू द्या' असं एसीत बसून म्हणणं सोपं आहे. आणि 'पैसे घेतले ना, मग तक्रार कसली' हेही तितकंच सोपं.

जानेवारी २०१९ मध्ये हा प्रश्न पेपरांच्या पहिल्या पानावर आला. पुनर्वसित गावांतली काही शे माणसं अकोटच्या बाजूनं पुन्हा जंगलात, आपल्या जुन्या गावांच्या जागी जाऊन बसली. मागण्या होत्या जमिनीच्या, सोयींच्या. सपाटीवर आल्यापासून आजारपण आणि मृत्यू वाढल्याच्या तक्रारी होत्या. केलपाणी-गुल्लरघाट भागात वनकर्मचारी, पोलीस आणि गावकरी यांच्यात मोठा संघर्ष पेटला. दोन्ही बाजूंची माणसं जखमी झाली, जंगलात आगी लागल्या. ज्या गवतावर आपण हरणांचे फोटो काढतो, तशाच गवतावर.

यात व्हिलन शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. गस्त घालणारा मजूरही बहुतेकदा इथलाच, कधी कोरकूच. आणि परत आलेला गावकरी वाघाचा वैरी नसतो. त्याला त्याचा हिशेब पूर्ण हवा असतो.

दुसरी लढाई, दवाखान्यातली

मेळघाट म्हटलं की आपल्या आई-बाबांच्या पिढीला वाघाआधी आठवतं ते कुपोषण. १९९३ मध्ये इथल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्र हलला. मंत्री आले, समित्या आल्या, कोर्टात याचिका गेल्या. प्रश्न कमी झाला, संपला मात्र नाही.

पण त्याआधीपासून इथे कुणीतरी शांतपणे काम करत होतं. डॉ. रवींद्र कोल्हे एमबीबीएस झाले आणि १९८० च्या दशकात धारणी तालुक्यातल्या बैरागडला येऊन राहिले. पुढे डॉ. स्मिता कोल्हेही आल्या. तपासणी फी? पहिल्यांदा दोन रुपये, नंतर एक रुपया! औषधांसोबत त्यांनी शेतीकडेही लक्ष दिलं, कारण आजाराचं मूळ रिकाम्या ताटात आहे हे त्यांना दिसत होतं. २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. डॉ. आशीष सातव यांनी धारणीजवळ उतावलीला 'महान' संस्थेतर्फे दवाखाना उभा केला. ही 'स्टोरी' सेलिब्रिटींची नाही. पण करिअर म्हणजे काय, यावर विचार करायला लावणारी नक्कीच आहे.

मधली वाट : पायविहीर

माणूस की वाघ, अशी ही मॅच कायमचीच आहे का? अमरावती जिल्ह्यातलं पायविहीर म्हणतं, तसं असायलाच हवं असं नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात एक महत्त्वाची तरतूद आहे, सामूहिक वनहक्काची. म्हणजे गावाशेजारच्या जंगलाचं रक्षण आणि व्यवस्थापन ग्रामसभेकडे, आणि त्यातल्या गौण उपजावर तिचा हक्क. पायविहीरला २०१२ मध्ये तो मिळाला. गावकऱ्यांनी उजाड रान राखलं, झाडं लावली, चराईवर स्वतःच बंधनं घातली. तिथली सीताफळं त्यांनी 'नॅचरल्स मेळघाट' या नावानं विकायला काढली. २०१४ मध्ये या कामाला भारत जैवविविधता पुरस्कारही मिळाला.

फंडा साधा आहे. जंगल टिकलं तर ज्याचा फायदा, तोच ते राखणार. अर्थात, पायविहीर गाभा क्षेत्रात नाही. त्यामुळे हे मॉडेल उचलून जसंच्या तसं वैराटला लावता येणार नाही. पण बफरमध्ये, जंगलाच्या काठावर, जिथे आजही अनेक गावं वसलेली आहेत, तिथे हा रस्ता खुला आहे.

रेल्वेचंही बघा. जुनी अकोला-खंडवा मीटरगेज या जंगलातून जायची. धुळघाटला रूळ स्वतःलाच ओलांडून वर चढायचे. लोक त्याला 'चार का आकडा' म्हणायचे. २०१७ च्या सुरुवातीला ब्रॉडगेजसाठी गाडी थांबली आणि वाद सुरू झाला. रूळ जंगलातूनच न्यायचे की वळसा घालून? वन्यजीवप्रेमी एका बाजूला, जुना मार्ग हवा असणारे दुसऱ्या. अखेर व्याघ्र प्रकल्पाला वळसा घालणारा पर्याय पुढे आला. थोडा लांबचा रस्ता घ्यायची तयारी असली, की सगळ्यांचं काही ना काही राहतं.

मग जायचं की नाही?

जायचंच! सेमाडोहला सिपना नदीच्या काठी संध्याकाळ काढली नाही तर मेळघाट बघितला असं म्हणू नका. सूर्य डोंगरामागे गेला की रातवे सुरू होतात, नदीचं पाणी दगडांवरून बोलत राहतं आणि मोबाइलला रेंज नसल्याचं कुणालाच दुःख वाटत नाही. पक्षीवेड्यांसाठी इथे रानपिंगळा आहे. शंभराहून जास्त वर्षं नामशेष समजलं गेलेलं हे छोटंसं घुबड १९९७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात पुन्हा सापडलं आणि नंतर मेळघाटातही दिसलं. मारुती चितमपल्ली यांची पुस्तकं वाचून जंगलाच्या प्रेमात पडलेल्यांना सांगायला नको, त्यांनी वनाधिकारी म्हणून इथेही काम केलं होतं.

आणि आपल्यासारख्या पाहुण्यांचं येणंही आता या हिशेबाचा भाग झालंय. सफारीचा गाइड, जिप्सीचा ड्रायव्हर, चहाची टपरी, होम-स्टे... आपले पैसे मोठ्या रिसॉर्टच्या गेटात अडकतात की सेमाडोह-हरिसालच्या घरात पोचतात, हे आपण ठरवू शकतो. गाइडला 'वाघ कुठंय?' हे दहाव्यांदा विचारण्याऐवजी एकदा 'दादा, तुमचं गाव कोणतं?' असं विचारून बघा. सफारीचे उरलेले दोन तास कसे जातात, कळणारही नाही.

जाण्याआधी...

कसे जाल? मुंबई-पुण्याहून रेल्वेनं बडनेरा किंवा अकोला. अमरावतीहून परतवाडामार्गे चिखलदरा, किंवा परतवाड्याहून सेमाडोह-हरिसाल-धारणी रस्ता. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईची विमानसेवा सुरू झाली. वेळापत्रक आधी तपासा. स्वतःची गाडी असेल तर समृद्धी महामार्गावरून वाशिम जिल्ह्यात मालेगाव परिसरात उतरा, शिरपूर जैनला दर्शन घ्या आणि अकोला-अकोटमार्गे पुढे.

केव्हा जाल? धुकं आणि धबधब्यांसाठी पावसाळ्यात चिखलदरा. पण त्या महिन्यांत गाभ्यातली सफारी बंद असते. जंगलासाठी हिवाळा, प्राण्यांसाठी उन्हाळा. होळीच्या दिवसांत गेलात तर कोरकूंचा सगळ्यात मोठा सण अनुभवता येईल. कामासाठी बाहेरगावी गेलेली माणसं तेव्हा घरी परततात. फोटो मात्र विचारूनच काढा.

काय बघाल? गाविलगड, वैराट सफारी, सेमाडोह, कोलकास. अकोटच्या बाजूनं गेलात तर शहानूरहून नरनाळा किल्ला. तिथला महाकाली दरवाजा आणि नऊगजी तोफ चुकवू नका.

काय खाल? चिखलदऱ्याची कॉफी आणि रबडी. सीझनमध्ये रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन बसलेल्या बायकांकडून सीताफळं. घासाघीस करू नका!

हे टाळा : जीपमधून उतरणं, मोठ्यानं गाणी लावणं, प्लॅस्टिक टाकणं, माकडांना वेफर्स देणं. उन्हाळ्यात काडी किंवा सिगारेट पेटवणं तर अजिबात नाही. सागाचा वाळका पाला एका ठिणगीत पेटतो आणि तो वणवा विझवायला झाडाच्या फांद्या घेऊन धावतो तो जवळच्या गावातलाच कुणीतरी.